सिदूतात्याचं कपाळ

पंचायतीची निवडणूक लागली, भिंतींवर चुन्यानं चिन्हं उमटली आणि कुणी उमेदवार हात जोडून दारात आला, की मी आधी त्याचं कपाळ बघतो. बायको म्हणते, "त्याचं काम बघा की, कपाळ काय बघताय?" तिचं खरं आहे. पण ही खोड मला सिदूतात्यामुळं लागली आणि आता या वयात ती जायची नाही.

सिदूतात्या माण तालुक्यातल्या एका वाडीचा. मेंढरं राखायचा आणि बिरोबाचा पुजारी होता. वाडी म्हसवडपासून बरीच आत, बाभळी आणि कुसळांच्या माळावर. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि माझं घर त्यांना ठाऊक आहे. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझी त्या भागात जनावरांच्या दवाखान्यात बदली झाली. मी उंब्रजचा, उसाच्या बांधावर वाढलेला. पाणी म्हणजे पाटानं आपोआप येतं अशी माझी समजूत. डॉक्टर मी नव्हतो, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण वाडीनं पहिल्याच दिवशी मला डाक्तर करून टाकलं आणि मीही फारशी तक्रार केली नाही.

आमच्या भागात समोरच्याची जात काढायची एक रीत आहे. आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि तेवढ्यानंही अंदाज लागला नाही तर कुळाचा देव. सिदूतात्याला एवढी सवड नव्हती. मी लस टोचायला गेलो, तर त्यानं मला टोपीपासून चपलेपर्यंत बघून घेतलं आणि सरळ विचारलं, "डाक्तर, कोन लोक तुमी?"

मला राग आला. नुकताच शिकून आलेला मी. म्हटलं, "तात्या, तुमची मेंढरं जात विचारून सुई घेतात काय?"

"मेंढरं न्हाई इचारत," तात्या म्हणाला, "पर म्हातारीनं मटान चढवलंय. तुमी माळकरी निघाला तर येगळं पिठलं कराय लागंल. इचारल्याबिगर तिला कसं कळावं?"

मी मराठा असल्याचं सांगितलं. तो रस्सा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तात्या शेजाऱ्याला म्हणाला, "उसातला मराठा हाय, गोड रगताचा." पुढं मी तिथं होतो तोवर माझं हेच नाव चाललं.

माणूस उंच होता, काटक. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळं घोंगडं, आणि कमरेला भंडाऱ्याची चामडी पिशवी. सकाळी अंघोळ झाली की पिशवीत बोटं घालायचा आणि ती हळद कपाळावर अशी थापायचा की भुवयांपासून पटक्यापर्यंत कातडी म्हणून दिसायची नाही. भंडारा लावल्याशिवाय चहा नाही, बोलणं नाही. घामानं ओघळला की पुन्हा लावायचा. त्याचे सदरे, त्याची घोंगडी, त्याच्या हातची भाकरीसुद्धा जराशी पिवळी असायची.

एडक्यांना त्यानं हुद्द्यांची नावं ठेवली होती. एकाला मामलेदार, एकाला फौजदार. सगळ्यात धिप्पाड होता तो सभापती. "ह्यो सोता हालत न्हाई," तात्या सांगायचा, "पर मागनं कुनी ढकललं की म्होरं म्होरं करतोय." मी सभापतीला सुई टोचली की तात्या त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. जनावर वाचलं तर म्हणायचा, "अर्दं तुमचं, अर्दं बिरोबाचं." आणि मेलं तर कुणाचंच नाव घ्यायचा नाही. एवढा न्यायी माणूस मी खात्यात पाहिला नाही.

एकदा सकाळी गेलो, तर तात्या मेलेल्या कोकराचं कातडं सोलत बसला होता. मी म्हटलं, रोग असेल तर मला दाखवायचं. तो म्हणाला, "रोग न्हाई, उलटं झालं हुतं पोटात." मग त्यानं ते ओलं कातडं दुसऱ्याच एका कोकराच्या अंगावर चढवलं. ते कोकरू बिनआईचं होतं. मेलेल्याच्या आईपुढं त्याला सोडलं, तिनं शेपटीकडं हुंगलं, आपलाच वास आला, आणि लाथ न मारता तिनं त्याला पाजलं. मी आ करून बघत राहिलो.

"फसवलीत की तिला," मी म्हटलं.

"चार दिस," तात्या म्हणाला. "मग कातडं कुजाय लागतं, काडून टाकायचं. तवर तिला त्याचा सोताचा वास कळतोय. कळला न्हाई, तर लाथ मारती. जबरदस्ती चालत न्हाई गड्या तिच्यावर."

हे मी इतक्या तपशिलानं सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात तात्या याच कोकराचा विषय पुन्हा पुन्हा काढायचा.

तात्याला मूल नव्हतं. भाऊ लवकर गेला, त्याचा मुलगा लक्ष्मण तात्याच्याच मांडीवर वाढला. साताऱ्याला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेला, अंगात टेरिकॉटची पँट, मनगटावर घड्याळ. गावात येऊन त्यानं पिठाची गिरणी घातली होती. मुलगा चांगला होता, जरा घाईचा. पंचायतीची निवडणूक आली आणि वाडीनं त्याला उभं केलं. गावठाणातून उभे राहिले बापूसाहेब. गावठाण मराठ्यांचं, वाडी धनगरांची, आणि वॉर्ड दोघांचा मिळून एक. ही जागा ज्याची त्याचा सरपंच, हे शेंबड्या पोराला कळत होतं.

बापूसाहेब काही वाईट गृहस्थ नव्हते. दुष्काळात त्यांची विहीर तेवढी टिकली होती, आणि वाडीची मेंढरं त्यांनी एकदाही हाकलली नाहीत. त्यामुळं वाडीची मोठी पंचाईत झाली. लक्ष्मण घरचा, आणि बापूसाहेबांचं पाणी प्यालेलं.

प्रचाराला लक्ष्मण आला तो पँट उतरवून, धोतर नेसून, घोंगडं घेऊन. बापूसाहेब आले तर त्यांच्याही खांद्यावर घोंगडं, आणि तेही नवं कोरं, बाजारच्या घडीचं. तात्या दाराशी बसला होता. दोघं गेल्यावर मला म्हणाला, "दोन्ही कोकरं कातडं पांघरून आली की वो डाक्तर." आणि स्वतःच खूप हसला.

हसणं तिथंच संपलं. बापूसाहेबांच्या माणसांनी मळ्यात जेवण घातलं. तात्याचं घर सोडून वाडीतल्या घरटी एकाला बोलावलं. पानं मांडली आणि वाढण्याआधी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या गुलालाचं ताट फिरलं. शब्द पक्का करायचा तर देवाचा गुलाल किंवा भंडारा उचलायचा, ही आमच्याकडची जुनी चाल. सोयरीक असो नाहीतर बांधाचं भांडण. कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलणारा माणूससुद्धा भंडारा हातात घेऊन खोटं बोलत नाही. समोर पान वाढायचं थांबलंय, ज्याच्या विहिरीनं जगवलं तो समोर उभा आहे, अशा वेळी नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी गुलाल उचलला, आणि घरी येऊन कुणी कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी लक्ष्मणच्या माणसांनी बिरोबाच्या देवळात तेच केलं. भंडारा पुढं करायला पुजारी लागतो. लक्ष्मण म्हणाला, "तात्या, तुमच्या हातनं झालं तर कुनी फुटनार न्हाई." आणि तात्यानं पिशवी सोडली. पुतण्याच्या मायेपोटी सोडली, यात मला काही शंका नाही. लोकांच्या हाताला आदल्या गुलालाचा रंग होता की नाही, ते त्यानं बघितलं नाही. नाही म्हणावं तर आधी गुलाल उचलल्याचं उघडं पडणार. सगळ्यांनी भंडाराही उचलला.

झालं. तात्याचं सोडलं तर वाडीत एकही घर असं उरलं नाही, ज्याच्या डोक्यावर दोन देवांच्या दोन शपथा नव्हत्या.

बाहेरच्याला हे हसण्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं, हिराबाई दवाखान्यात येईपर्यंत. हिराबाई विधवा, एकटीनं मेंढरं सांभाळणारी. मेंढरू काही आणलं नव्हतं. पायरीवर बसली आणि म्हणाली, "डाक्तर, पोटात अन्न जात न्हाई. ह्याला दिलं तर त्यो देव, त्याला दिलं तर ह्यो देव. मी मताच्या दिसाला लेकीकडं जाती." मग कळलं, पुरुषांनीही तेच ठरवलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी मेंढरं घेऊन पाटणच्या वाटेला लागायचं. वाडी रिकामी करायची. कुठलाच देव कोपायला नको.

हिराबाईला घेऊन मी तात्याकडं गेलो. तात्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी पिशवी म्होरं केली तवा कुनाच्या हाताकडं बघितलंच न्हाई. बघाय पायजे हुतं."

तेवढ्यात लक्ष्मण धावत आला. त्यालाही बातमी लागली होती. तात्या मेंढरांच्या वाड्याचं जाळं, म्हणजे वाघर, दुरुस्त करत बसला होता.

लक्ष्मण म्हणाला, "तात्या, तुमी पुजारी हाय. सांगा लोकास्नी. बिरोबा आपला सोताचा देव, त्येची शपत थोरली. सिद्धनाथाची धाकटी."

तात्यानं हात थांबवले नाहीत. "म्हंजी आता देवांचीबी निवडनूक लावतूस व्हय रं? कंच्या देवामागं किती घरं, ते मी बघू?"

"तसं न्हाई. पर आपल्या मानसानं आपल्या मानसाला मत देऊ ने व्हय?"

"द्यावं की. मेंढी आपल्या कोकराला हुंगूनच पाजती, त्यात काय वंगाळ हाय? पर तिला कवा बिरोबाची शपत घालून पाजवलीय का रं आपुन?"

"मग मी पडंन, तात्या."

"पडशील. टकरीत एडकं पडत न्हाईत व्हय? झाडून उटत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू पडलास तर तू एकलाच पडशील, पोरा. आन वाडी मताला गेलीच न्हाई, तर उद्या सरकार म्हनंल हितं निस्ती मेंढरंच ऱ्हात्यात. मग ना तुला कोन इचारंल, ना ह्या हिराबाईला."

लक्ष्मण रागानं निघून गेला. तात्यानं उरलेली गाठ मारली, घोंगडं उचललं आणि देवळाकडं चालू लागला. हिराबाई आणि मी मागं.

मतदानाच्या आदल्या दिवसाची दुपार होती. माणसं मेंढरं गोळा करून निघायच्या तयारीत. तात्यानं देवळापुढं घोंगडं अंथरलं, एका ताटात गुलाल ठेवला, एकात भंडारा, आणि सगळ्यांना हाक मारली. म्हणाला, "ज्यानं गुलाल उचलला त्यानं चिमूटभर गुलाल ह्या घोंगड्यात परत टाकायचा. भंडारा उचलला त्यानं भंडारा. दोनी उचलल्यात त्यानं दोनी. मला ठावं हाय, समद्यांनी दोनी उचलल्यात."

कुणी कुणाकडं बघेना. एकजण म्हणाला, "तात्या, आन शपत मोडल्याचा दोष?"

"तुमी मोडत न्हाई. मी मोडतोय. पुजारी मी हाय, म्होरं मी केली हुती पिशवी. सिद्धनाथालाबी मीच सांगीन. त्यानं इचारायचं तर मला इचारावं."

मी ओरडायचाच बाकी होतो. असलं काही नसतं, तात्या, देव मतं मोजत नाही, असं सगळं शिकलेलं माझ्या ओठावर आलं होतं. पण बोललो नाही, कारण तात्याला ते खरं होतं. अंगावर वीज घ्यायला उभा राहिल्यासारखा तो माणूस उभा होता. मला त्याचा राग आला आणि मायाही, दोन्ही एकदमच.

हिराबाई पहिली आली. हात पुढं होईना. "तात्या, तुमच्या घरावर नगं वो..."

"टाक, हिरे. आन उद्या शिक्का कुनावर मारलास ते मला सांगू नगंस. लेकीलाबी सांगू नगंस."

तिनं टाकला. मग बाकीचे आले. काळं घोंगडं मधोमध लाल-पिवळं झालं. सगळे झाल्यावर तात्यानं ते गुंडाळून देवळाच्या कोनाड्यात ठेवलं, कमरेची पिशवी सोडून चुलतभावाच्या हातात दिली आणि धोतराच्या सोग्यानं स्वतःचं कपाळ पुसलं. शपथ मोडणाऱ्यानं भंडारा लावू नये, हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही. त्यानं स्वतःच केला असणार.

दुसऱ्या दिवशी वाडी झाडून मताला गेली. म्हातारे पाठुंगळी बसून गेले. हिराबाई धुवट लुगडं नेसून रांगेत उभी होती आणि माझ्याकडं बघून हसली.

लक्ष्मण पडला. थोडक्यात पडला, म्हणून जास्त लागलं. वाडीत बोलायला लागले की तात्यानं घरचं पोर पाडलं. भंडाऱ्याची शपथ तशीच ठेवली असती, तर निम्मी घरं तरी भिऊन लक्ष्मणकडं राहिली असती. लक्ष्मणनं चुलत्याशी बोलणं टाकलं, चूल वेगळी केली. गिरणीवर तात्याचं दळण घ्यायचा, पण मान वर करायचा नाही.

मी एकदा तात्याला विचारलं, "तुम्ही कुणाला दिलं?"

"लक्षुमनाला. दुसऱ्या कुनाला देनार?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू माझीच अक्कल कमी पडली. "माज्या मांडीव मुतलेलं पोर त्ये. आपला म्हनूनच दिलं. बापूसायबाच्या पान्याचं मी येगळं फेडीन. पर दुसऱ्यानं कुनाला दिलं, त्यात मी न्हाई."

भंडारा पुसल्यावर त्याचं कपाळ विचित्र दिसायचं. सगळं तोंड उन्हानं काळं रापलेलं आणि वर तेवढाच पट्टा फिका. परगावचा माणूस विचारायचा, "सुतक हाय का घरात?" तात्या म्हणायचा, "हाय, म्होटं हाय." बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजले, भंडारा उधळला, माणसं नखशिखांत पिवळी झाली. तात्या लांब बाभळीखाली बसला होता. वाऱ्यानं हळद तिथवर आली तर त्यानं ती तोंडावरून पुसली, आणि पुसलेली बोटं बराच वेळ बघत बसला. त्या वर्षी सभापती मेला. मी होती तेवढी औषधं दिली, उपयोग झाला नाही. तात्या त्याच्या शिंगावरून हात फिरवत म्हणाला, "थोडं फिटलं." मी चिडून म्हटलं, "तात्या, हा आंत्राचा रोग आहे, देवाचा काही संबंध नाही." तो म्हणाला, "असंल. तुमी तुमचं लिवा."

मग माझी बदली झाली. निघताना त्यानं मला एक घोंगडं दिलं. म्हणाला, "उसात थंडी लय असती म्हनं."

पाचेक वर्षं गेली असतील. मी रजेवर उंब्रजला होतो. थंडीचे दिवस, ऊस तुटलेला, आणि माणकडची मेंढरं आमच्या रानात खतासाठी बसायला आलेली. हायवेवर सकाळी चहाला गेलो, तर एस.टी.च्या थांब्यावर लाल पटका दिसला. पाठमोरा होता, तरी ओळखला. हाक मारली, तात्या वळला, आणि मी बघतच राहिलो. भुवयांपासून पटक्यापर्यंत भंडारा. कातडी म्हणून दिसत नव्हती.

"तात्या, हे कुणी लावलं?"

"लक्षुमनानं." त्याला इतकं बोलायचं होतं की शब्द एकमेकांवर पडत होते. "पुन्यांदा हुबा ऱ्हायलाय. अर्ज भरायच्या आदी आला, देवळात घिऊन गेला मला. समद्या वाडीम्होरं म्हनला, शपत घालाया मी लावली, दोष माजा, तात्याचा न्हाई. पिशवी मागून घेतली आन माज्या कपाळाला लावला. आन सोताचं कपाळ पुसलं."

"म्हणजे आता..."

"म्हंजी आता त्यो मोकळ्या कपाळानं मतं मागत फिरतोय, धनगराच्या वस्तीत. प्यांट घालून. लोक म्हनत्यात, खुळा हाय, भंडारा लावल्याबिगर आपला कसा वळखू? म्या म्हनलं, हुंगा की."

मी विचारलं, "निवडून येईल?"

"त्ये काय मला ठावं न्हाई. मत उद्या हाय. मेंढरं पोरांच्या हवाली केली आन निगालोय." तेवढ्यात गाडी आली. तात्यानं घोंगडं सावरलं, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून म्हणाला, "मागल्या बारीला त्याला आपला म्हनून दिलं हुतं, डाक्तर. आवंदा कातडं काडून आलाय. आता त्याला बघून देतो."

कंडक्टरनं घंटी मारली. तात्या खिडकीशी बसला आणि पटका नीट करताना कपाळाला हात लागू नये म्हणून फार जपत होता. पुढं मी त्याला पाहिलं नाही.